टाईल निवडण्याआधी डक्टमध्ये डोकावून या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला १९९७-९८ च्या सुमाराची सात मजली इमारत, तुमचं घर चौथ्या मजल्यावर. दोन्ही बाथरूम तोडून नव्याने करायच्या आहेत. कॉन्ट्रॅक्टरचा बेत असा की कमोड समोरच्या भिंतीला न्यायचा, सगळे पाईप आणि फ्लशची टाकी लपवायची, आणि डक्टकडची, म्हणजे पाईपांसाठी तळापासून गच्चीपर्यंत सोडलेल्या उभ्या पोकळीकडची, खिडकी बुजवून तिथे मोठा आरसा लावायचा. तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू प्लंबरला घरात घ्यायला तयार नाहीत, कारण मागे दुसऱ्या कुणाच्या कामात त्यांच्या बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडलं होतं. तळमजल्यावरच्या दुकानाने डक्टचा तळ पत्रे ठोकून आत घेतलाय. घरात पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठेच सापडत नाही. घरी सत्तरी ओलांडलेली आई आहे. अशा स्थितीत काम काढावं का, आणि काढलं तर कसं?

काम जरूर काढा. त्या काळातले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात, आणि कोब्याखालचं वॉटरप्रूफिंगही दमलेलं असतं. पण कॉन्ट्रॅक्टरच्या तीन गोष्टींपैकी दोन अजिबात करू देऊ नका. कमोड हलवायचा नाही, डक्टची खिडकी बुजवायची नाही. पाईप लपवा, मात्र सगळे नाही. कारण साधं आहे. चांगली टाईल वीस वर्षं टिकते; फ्लशच्या टाकीतला वॉशर, डायव्हर्टरचं (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या कळीचं) कार्ट्रिज, अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा बंद-चालू कॉक) यांना दर तीन-चार वर्षांनी हात लावावाच लागतो. तो हात टाईल न फोडता पोचला पाहिजे. बाथरूमचं डिझाइन इथून सुरू होतं, आणि ठाणे-नवी मुंबईत मी बघितलेल्या बहुतेक भांडणांचं मूळ हे विसरण्यात आहे.

म्हणून टाईलच्या दुकानात जाण्याआधी बॅटरी घ्या आणि डक्टच्या खिडकीतून वर-खाली नीट बघा. मोबाइल धरलेला हात बाहेर काढून व्हिडिओ घ्या, तो घरी बसून सावकाश पाहा. तुमच्या वयाच्या इमारतीत बहुधा दोन उभ्या लाईन दिसतील: संडासाची चार इंची आणि अंघोळीच्या, बेसिनच्या पाण्याची वेगळी. शेजारून गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारे डाऊनटेक. लाईन बिडाची आहे की पीव्हीसीची, सांध्यांना ओल किंवा शेवाळ आहे का, कुणी मधेच एसीचं युनिट टांगून वाट अडवली आहे का, हे सगळं टिपून ठेवा.

दुसरी पाहणी घरातल्या घरात होते, आणि तिच्यासाठी काका-काकूंचं दार वाजवावं लागत नाही. तुमच्याच बाथरूमच्या छताकडे बघा. एका उभ्या ओळीतल्या बाथरूम एकसारख्या बांधलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या डोक्यावर पाचव्या मजल्याचं जे दिसतं तेच तुमच्या पायाखाली आहे. बाथरूमचं छत हॉलच्या छतापेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली असेल आणि पाईप दिसत नसतील, तर स्लॅब सन्कन आहे. पाईप त्या खोलगट भागात विटांच्या तुकड्यांच्या भरावात आणि कोब्यात गाडलेले आहेत. छत सरळ असेल आणि त्याखाली पाईप लोंबकळत असतील, किंवा फॉल्स सीलिंग काढल्यावर तसे दिसले, तर तुमचे पाईप काका-काकूंच्या बाथरूममध्ये आहेत. दुसऱ्या प्रकारात त्यांच्या संमतीशिवाय पाईप बदलताच येत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक इमारती पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणून तुमचीही तशीच आहे असं धरून पुढे लिहितो.

सन्कन स्लॅबमध्ये पाईप आडवा जाऊन भिंतीतून बाहेर पडतो आणि डक्टमधल्या उभ्या लाईनच्या टी-ला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, मिळतो. तो सांधा तुमच्या जमिनीच्याही खाली असतो, म्हणजे तुमच्या खिडकीपासून पाच-सहा फूट खाली आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या जरा वर. तुमच्या खिडकीतून हात पोचत नाही, काकूंच्या खिडकीतून पोचतो. प्लंबर सगळ्यात आधी खालच्या घरात जायला मागतो तो यासाठीच. दुसरा मार्ग डक्टमध्ये उतरण्याचा. तो मार्ग तुमच्याकडे आहे, फक्त तो नीट वापरायला हवा. पाईपच्या क्लॅम्पवर किंवा छज्ज्यावर पाय ठेवून, एका हाताने खिडकीची सळई धरून काम करणारी मुलं मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. तो छज्जा इतक्या वर्षांचा, त्यातली सळई गंजलेली. उतरणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट हवा, दोर गच्चीवर पक्क्या जागी बांधलेला हवा, वर एक माणूस दोरावर लक्ष ठेवून हवा. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या आणि त्याचे पैसे वेगळे द्या. घासाघीस करण्याची ती जागा नव्हे.

आता कमोड का हलवायचा नाही ते. समोरच्या भिंतीला न्यायचा म्हणजे पाईप साधारण दीड मीटर जास्त जाणार. ११० मिमीच्या मैल्याच्या पाईपला चाळीसास एक असा ढाळ द्यायचा तर दीड मीटरला जवळपास ३८ मिमी उतार लागतो. खाली वॉटरप्रूफिंग आणि त्याच्यावरचा संरक्षक थर मिळून ४० मिमी धरा, पाईप ११० मिमी, वरचा कोबा, माल आणि टाईल ६० मिमी. बेरीज होते २४८. नऊ इंचांच्या सन्कनमध्ये मिळतात २२५ ते २३०. म्हणजे एकतर जमीन वर उचलावी लागणार, किंवा ढाळ कमी करावा लागणार, किंवा वॉटरप्रूफिंग पातळ करावं लागणार. साइटवर मिस्त्री कोणालाही न विचारता यातलं दुसरं किंवा तिसरं निवडतो. ढाळ कमी पडला की पाणी पुढे जातं आणि घाण मागे राहते; दोन वर्षांत चोकअप सुरू होतात, आणि तेव्हा तो पाईप तुमच्या नव्या टाईलखाली असतो. जमीन उचलली तर दाराशी पायरी येते. आईसाठी ती पायरी रोजची धोक्याची जागा होईल. बाथरूमच्या उंबऱ्याचा फरक पाऊण इंचापेक्षा जास्त नको.

कमोड आहे त्याच भिंतीला ठेवला की आणखी एक गोष्ट साधते. भिंतीतलं जुनं भोक, उभ्या लाईनवरची जुनी टी, पाईपची जुनी दिशा, सगळं वापरता येतं. आतून भराव काढून पाईप बदलायचा, तो जुन्या भोकातून बाहेर सरकवायचा आणि डक्टमध्ये फक्त एक सांधा करायचा. काका-काकूंच्या घरात प्लंबर जायची गरजच उरत नाही.

लाईन बिडाची निघाली तर एक सावधगिरी. जुन्या बिडाच्या सांध्यात शिसं किंवा सिमेंट भरलेलं असतं. मिस्त्री हातोड्याने ठोकून पाईप तोडायला जातात. त्या हादऱ्याने वरच्या मजल्यांचे सांधे हलतात, आणि महिन्याभराने पाचव्या मजल्याच्या भिंतीला ओल आली की कारण कुणालाच उमगत नाही. कापायचं ते ग्राइंडरने, आणि कापण्याआधी वरचा पाईप क्लॅम्पने भिंतीला धरून ठेवून. नव्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीच्या पीव्हीसी) पाईपचा जुन्या बिडाशी जोड त्या कामासाठीच्या रबरी जोडाने करा. नुसतं सिमेंट थापून केलेला सांधा पीव्हीसी धरत नाही, काही महिन्यांत सुटतो.

सोसायटीत हा विषय काढा आणि जोर लावून काढा. इमारतीतले लोक आता एकेक करून बाथरूम तोडणार आहेत. प्रत्येक जण आपल्या मजल्यावर बिडाच्या लाईनला पीव्हीसीचा तुकडा जोडत गेला तर काही वर्षांत तिच्यात निम्मे सांधे दोन वेगळ्या वस्तूंचे असतील. तळापासून गच्चीपर्यंत उभी लाईन एकदाच बदलली तर झूला किंवा परांची एकदाच लागते, पाणी एकदाच बंद होतं आणि खर्च विभागला जातो. ड्रेनेज लाईन, बाहेरचे पाण्याचे पाईप आणि टाक्या यांची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेच्या खर्चाने होते. घरातल्या संडास-सिंकमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदाचा. टी-पर्यंतचा आडवा पाईप तुमचा आणि टी-पासून पुढे संस्थेचं, अशी व्यवहारात मानली जाणारी सीमा आहे. पत्रात ती सुरुवातीलाच लिहून टाका.

त्याच पत्रात दुकानाचाही मुद्दा घ्या. उभ्या लाईनचा तळाचा बेंड आणि पहिला चेंबर बहुधा त्या पत्र्यांच्या आत आहे. लाईन तिथे तुंबली की पाणी पहिल्या मजल्याच्या कमोडमधून वर येतं, आणि मग दुकान बंद असेल तर रात्रभर काही करता येत नाही. डक्ट ही सामाईक जागा आहे. संस्थेने दुकानदाराला निदान एवढं तरी करायला लावावं की पत्र्यात माणूस आत जाईल असं दोन फुटी दार असेल, त्याची एक किल्ली वॉचमनकडे राहील आणि बेंडला उघडता येणारं तोंड असलेला डोअर बेंड बसेल. चेंबर साफ करायला कुणालाही आत उतरवू देऊ नका. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून असं धोक्याचं सफाईकाम करून घेणं गुन्हा आहे, आणि विषारी वायूने माणसं मरतात हे आपण वारंवार वाचतो. जेटिंग मशीन बोलवा.

नवी मुंबईतल्या वाचकांसाठी जाता जाता. वाशी, नेरूळ, कोपरखैरणेतल्या सिडकोच्या जुन्या बैठ्या आणि तीन-चार मजली इमारतींत पाईप बऱ्याचदा मागच्या भिंतीवर उघडे असतात, म्हणजे हात पोचायची उत्तम सोय मुळातच आहे. ती आपणच घालवतो, मागे खोली वाढवून किंवा बॉक्स ग्रिल लावून. पाईप वाढीव खोलीच्या आत गेला की वरच्या मजल्याच्या प्रत्येक चोकअपला तुमच्या स्वयंपाकघरातून वाट द्यावी लागते. ज्यांची अशी खोली आधीच झालेली आहे त्यांनी नूतनीकरणात पाईपसमोर निदान स्क्रूने उघडणारी फळी ठेवावी, टाईल लावू नये.

खारघर किंवा घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, तिथे फ्लशची लाईन अनेकदा वेगळी असते आणि तिच्यात सांडपाण्याच्या प्लांटमधलं शुद्ध केलेलं पाणी खेळतं. हेल्थ फॉसेटचा जेट सोयीसाठी त्या लाईनवर कधीही जोडू नका. भिंत उघडल्यावर कोणती लाईन कोणती हे ओळखून वेगळ्या रंगाने खूण करा. दोन, ताबा मिळून पाच वर्षं व्हायची असतील तर तोडफोड थांबवा. रेराच्या कायद्यात कलम १४ प्रमाणे बांधकामातल्या आणि कारागिरीतल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर असते, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत ते दोष विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. आधी लेखी तक्रार करा. स्वतः तोडल्यावर दोष कुणाचा होता हे सिद्ध करणं अवघड होतं.

आता काका-काकूंकडे. त्यांची भीती रास्त आहे. तिसऱ्या मजल्याचं छत म्हणजे तुमचाच सन्कन स्लॅब, आणि तुम्ही वर ब्रेकर चालवणार. तुमचा सन्कन नऊ इंचांचा आणि बाथरूम सात बाय साडेचार फुटांची असेल तर त्यातला विटा-कोब्याचा भराव सव्वा ते दीड टनाचा असतो. तो ब्रेकरने उखडताना धक्का थेट त्यांच्या प्लास्टरला बसतो. म्हणून वरचा थर ब्रेकरने काढा, शेवटचे तीन-चार इंच छिन्नी-हातोडीने. वेळ दोन दिवस जास्त लागेल, लागू द्या. स्लॅबच्या कडेचे बीम, तळाची सळई यांना हात लागता कामा नये. पाईपसाठी नवं भोक हवंच असेल तर ते कोअर कटिंगने (न ठोकता मशीनने गोल कापून), तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून.

त्यांच्याकडे कॉन्ट्रॅक्टरला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. आईला सोबत नेता आलं तर उत्तम. काम सुरू होण्याआधी त्यांच्या बाथरूमच्या छताचे आणि भिंतींचे फोटो दोघांनी मिळून काढा, तारखेसह, आणि दोघांकडे ठेवा. आत्ता जे पोपडे आणि ओलीचे डाग आहेत ते त्यात दिसू द्या. कामात काही पडलं तर प्लास्टर आणि रंग तुमच्या खर्चाने आठ दिवसांत, असं कागदावर सही करून द्या. त्यांच्याकडून फक्त दोन वेळा दहा मिनिटं मागा: आधी फोटोला, आणि वॉटरप्रूफिंगच्या चाचणीनंतर छत कोरडं आहे हे बघायला. माझा अनुभव असा की माणसं नकार देतात ती वेळ किती लागेल आणि घाण कोण काढेल हे माहीत नसतं म्हणून. तरीही जमलं नाही तर सेक्रेटरीला सोबत घ्या. आदर्श उपविधींनुसार दुरुस्तीची गरज तपासण्यासाठी पूर्वसूचना देऊन सदनिका पाहण्याचा अधिकार त्यांना आहे. तो शेवटचा उपाय समजा, पुढची वीस वर्षं तुम्हाला एकाच जिन्याने जायचंय.

पाण्याचा कॉक सापडत नाही याचा अर्थ बहुधा तो नाहीच. त्या काळात डाऊनटेकवरून फाटा काढून थेट बाथरूममध्ये सोडत. आता पाणी बंद करायचं तर गच्चीवर, आणि तो व्हॉल्व्ह तुमच्या ओळीतल्या सातही घरांचा. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. आधी एका दिवशी, सोसायटीने आदल्या दिवशी नोटीस लावून, सकाळची गर्दी ओसरल्यावर अकरा ते एक पाणी बंद ठेवून, तुमच्या प्रत्येक फाट्यावर एकेक बॉल व्हॉल्व्ह बसवा. बास, त्या दिवशी दुसरं काही नाही. नंतर महिनाभर तुमचं काम चाललं तरी कुणाच्या नळाला धक्का लागत नाही. फाटा जीआयचा असेल तर तो फिरवताना मुख्य पाईपचा आटा तुटू शकतो, तेव्हा सोसायटीचा प्लंबर, सुटी युनियन, सॉकेट आणि आटे पाडायची डाय हाताशी असल्याशिवाय पाना लावू देऊ नका. त्या दिवशी महापालिकेचा शटडाऊन नाही ना, हेही बघा. व्हॉल्व्ह खांद्याच्या उंचीला, उघडा किंवा छोट्या दाराआड. बादल्यांमागे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये नको. मध्यरात्री पाईप फुटला तर आईला तो बंद करता आला पाहिजे.

लपवायचं काय आणि काय नाही, याचा माझा नियम असा: पाईपची सरळ लांबी लपवा, हलणारा भाग उघडा ठेवा. नळाचे सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाईप भिंतीतून जाऊ द्या, पण जमिनीखालून नेऊ नका. दोन फूट जास्त पाईप लागला तरी भिंतीतून वळवून न्या. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, अँगल कॉक, गीझरचे जोड दिसतील असेच राहू द्या. कन्सील्ड फ्लश टाकी घ्यायची तर जिचे आतले सगळे भाग समोरच्या बटणाच्या प्लेटमधून निघतात आणि ज्यांचे सुटे भाग ठाण्यातल्या दुकानात आज मिळतात, तीच घ्या. दुकानात उभं राहून तो भाग मागून बघा. डक्टच्या पातळ भिंतीत खाच पाडून टाकी बसवू नका. भिंतीपुढे सहा-सात इंचांचा कट्टा बांधून त्यात लोखंडी फ्रेम उभी करा. जागा थोडी जाईल, पण कट्ट्यावर आईला टेकायला हात ठेवता येईल, आणि वॉल-हंग कमोडची बैठक सतरा-अठरा इंचांवर घेता येईल, गुडघ्यांना ती सोपी पडते. आधाराचा दांडा बाजूच्या भरीव विटेच्या भिंतीत बसवा, आणि त्या उंचीला त्या भिंतीतून एकही पाईप जाता कामा नये.

डायव्हर्टर आणि मोठा शॉवर घेण्याआधी दाबाचा हिशोब करा. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार. तुमच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत अकरा-बारा मीटर असतील, म्हणजे एक बारपेक्षा थोडा जास्त. साधा डायव्हर्टर नीट चालेल. सातव्या मजल्यावर हीच उंची जेमतेम तीन मीटर भरते, तिथे पंपाशिवाय मोठा शॉवर घेऊ नये.

टाईल लागण्याआधी तीन परीक्षा. सीपीव्हीसीचे जोड चोवीस तास सुकल्यावर टेस्ट पंप लावून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरून दोन तास काटा हलतो का बघा. निचऱ्याच्या पाईपची टोकं बंद करून त्यात पाणी भरून ठेवा. आणि वॉटरप्रूफिंगनंतर सन्कनमध्ये दोन इंच पाणी साठवून ४८ तास. ही चाचणी दोनदा करा: एकदा सन्कनच्या तळाच्या थरावर, एकदा भराव आणि वरचा थर झाल्यावर. वॉटरप्रूफिंग जमिनीपुरतं थांबवू नका. भिंतींवर फूटभर चढवा, शॉवरच्या भिंतींवर सहा फुटांपर्यंत न्या. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जाळीतून जातं त्या भांड्याच्या) गळ्याभोवती आणि पाईप भिंतीतून बाहेर जातो तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या, पाणी बहुतेक वेळा तिथूनच वाट काढतं. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी टिकायला हवं, नाहीतर झुरळं आणि वास दोन्ही आत येतात.

सन्कनच्या तळाला, डक्टच्या बाजूला, एक इंची पाईप बाहेर काढून ठेवा. तळाच्या थराला त्या दिशेने ढाळ द्या. हा पाईप कुठल्याही लाईनला जोडायचा नाही, डक्टमध्ये उघडाच राहू द्यायचा, तोंडाला बारीक जाळी. उद्या कोब्याखाली पाणी साठायला लागलं तर त्यातून टपकताना दिसेल, काका-काकूंच्या छताला ओल यायच्या कितीतरी आधी. खर्च शे-दोनशे रुपये. इतक्या वर्षांत याच्याइतकी स्वस्त आणि कामाची गोष्ट मी दुसरी पाहिली नाही, आणि तरी दहातल्या आठ ठिकाणी ती करत नाहीत. ते टपकणं दिसायला खिडकी मात्र शाबूत हवी. आरसा बेसिनवर लावा. खिडकीला उघडणारी जाळी आणि वर एक्झॉस्ट पंखा बसवा. माणूस उतरू शकेल इतकी तिची चौकट मोकळी राहू द्या.

भराव परत टाकताना विटांचे तुकडे नकोत, वजन पुन्हा तितकंच होईल. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) तुकडे त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतात. ते पाणी शोषतात, म्हणून वर सांगितलेला पाईप आणखीच गरजेचा. जुनं राबिट (तोडकामाचा मलबा) कुठे जाणार हे कॉन्ट्रॅक्टरला विचारा आणि महापालिकेच्या ठरवून दिलेल्या जागी टाकल्याची पावती मागा. खाडीकिनारी कांदळवनात रात्री रिकामे होणारे टेम्पो आपल्याच बाथरूममधून निघालेले असतात.

प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि जमिनीचा फोटो काढा, टेप धरून, कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. उद्या कुणी ग्रॅब बार किंवा कपाट लावायला ड्रिल घेऊन आला की हेच फोटो पाईप वाचवतील. एक प्रत सोसायटीच्या फाइलला द्या.

डक्टमधलं काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर सुरू केलं तर मार्चपर्यंत दोन्ही बाथरूम आरामात होतील. एकावेळी एकच तोडा, म्हणजे आईला शेजाऱ्यांकडे जावं लागणार नाही. पैसे टप्प्यांना बांधा: तोडकामानंतर एक हप्ता, दाबाची चाचणी तुमच्यासमोर उतरल्यावर दुसरा, दोन्ही वेळचं ४८ तासांचं पाणी टिकल्यावर तिसरा, आणि दहा टक्के बाथरूम महिनाभर वापरून झाल्यावर. ज्या कॉन्ट्रॅक्टरला हे मान्य नसेल त्याला पहिल्याच भेटीत नाही म्हणा.